‘चालंल’ आणि त्याच्या पुढचं

कामशेतच्या बाजारात दिवसभरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून ‘चालेल’ असं सांगेन. इंद्रायणी संपलाय, आंबेमोहोर देऊ का? चालेल. पवनानगरच्या जीपमध्ये बसायला जागा नाही, मागे लटकता का? चालेल. माझ्या चष्म्याच्या दुकानात तर गिऱ्हाईक आरशात बघतं, मान डावी-उजवी करतं, बरोबर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणतं, चालेल. म्हणजे फ्रेम आवडलेली नसते, दुसरी बघायचा कंटाळा आलेला असतो. मीही दिवसातून पन्नास वेळा हा शब्द वापरतो, पण अजून दर वेळी जीभ जराशी अडखळते. त्याला कारण नामाभाऊ.

नामाभाऊंचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथे एकेकाळी बंदुका दुरुस्त होत होत्या असं सांगितलं, तर कव्हरं घ्यायला आलेल्या पोरी हसतील. भाऊ फौजेत आर्मरर होते. म्हणजे रायफली आणि पिस्तुलं खोलायची, तपासायची, जोडायची आणि ‘ही वापरायला ठीक’ किंवा ‘ही बाद’ असं सांगायचं, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त होऊन आल्यावर रीतसर परवाना काढून त्यांनी इथे दुकान टाकलं. गिऱ्हाईक ठरलेलं. रानडुकरांमुळे शेतीच्या राखणीला बंदूक ठेवणारे गावाकडचे लोक, आणि लोणावळ्याकडचे बंगलेवाले, ज्यांच्या कपाटात आजोबांच्या वेळचं एखादं विलायती पिस्तूल परवान्यावर चालत आलेलं असायचं.

तर शेवटच्या तीन वर्षांत या माणसाच्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द मी ऐकला नाही. चहावाला विचारायचा, “भाऊ, साखर जरा जास्त पडली, चालंल का?” भाऊ म्हणायचे, “आण. पितो.” बँकेतली बाई म्हणायची, काका, उद्या आलात तर चालेल का? भाऊ म्हणायचे, “उद्या येतो.” बोलण्यात तो शब्द आला की ते त्याला वळसा घालून जायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. तऱ्हेवाईक ते होतेच, पण हे तऱ्हेवाईकपणातून आलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे सांगेल असं माझ्याशिवाय आता कुणी नाही, नाहीतर चष्मे विकणाऱ्याने लेखणी हातात धरायचं काही कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी ते माझ्याकडे आले तेच भांडायच्या आवाजात. “मला डोळा पायजे.”

मी म्हटलं, “नंबर काढलाय का?”

“नंबर न्हाई. डोळा. येकच. केसासारखी चीर दिसली पायजे आसा.”

मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मग मी एक जाड भिंग घासलं आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीचं बूड कापून त्यात बसवून दिलं. ती डबी भुवईखाली चिमटून त्यांनी माझ्या काउंटरवरचा स्क्रू बघितला, माझं नख बघितलं, मग मला बघितलं आणि म्हणाले, “दाढी नीट करत जा.” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘चष्मे’ झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

भाऊंना बोलताना थांबायची सवय होती. वाक्य मध्येच सोडून ते हातातला स्क्रू बसवायचे, फुंकर मारायचे, पुसायचे आणि मग उरलेलं वाक्य बोलायचे. ओळखीचे लोक थांबून राहायचे. जे थांबायचे नाहीत त्यांची फजिती व्हायची. एकदा करुंजचे एक गृहस्थ मुलीच्या स्थळाची चौकशी करायला आले. मुलगा भाऊंच्या माहितीतला. भाऊ म्हणाले, “पोरगा गुणाचा हाय. नोकरी बी पक्की. घर बी चांगलं.” आणि स्क्रू हातात घेतला. गृहस्थ उठलेच. समोरून पावशेर पेढे आणून आम्हाला वाटेपर्यंत भाऊंनी स्क्रू बसवला होता. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, “पर त्याचं लगीन झालंय गेल्या माघात.” बाजार आठवडाभर त्यावर हसत होता. मी तर सगळ्यात जास्त हसलो. पुढे याच सवयीने काय होणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

त्यांची तपासायची पद्धत मी कितीतरी वेळा बघितली. पिस्तूल मोकळं करून सगळे भाग जुन्या धोतराच्या तुकड्यावर ओळीने मांडायचे. वरची सरकती पट्टी, जिला स्लाईड म्हणतात आणि बार निघाला की जी जोराने मागे येते, ती उचलून तिच्यावर रॉकेलचं बोट फिरवायचं. थोडा वेळ ठेवायची, मग खसाखसा कोरडी पुसायची. आणि मग वस्त्रगाळ रांगोळी घेऊन तिच्यावर पातळ भुरभुरवायची. कुठे बारीक तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं, पांढऱ्या रांगोळीवर ओली काळी रेघ दिसायला लागते. त्याला ते ‘रांगोळी उठली’ म्हणत. रांगोळी उठली की पिस्तूल बाद. मग मालक कितीही मोठा असो. घरातली रांगोळी दुकानात जाते म्हणून वहिनी कुरकुरायच्या. “माज्या उंबऱ्याला न्हाई आन त्या मुडद्यास्नी रांगोळी!” भाऊ निमूटपणे डबा उचलून निघायचे.

कुणी पिस्तूल पुढे ठेवलं की भाऊंचा पहिला प्रश्न, “वय किती?” माणसाचं नव्हे, पिस्तुलाचं. दुसरा प्रश्न, “काय खायला घालता?” म्हणजे कोणत्या गोळ्या. हल्ली जास्त जोराच्या गोळ्या मिळायला लागल्या होत्या. लांबी-रुंदी तीच, बुडावर छापलेला आकडाही तोच, फरक फक्त आतल्या दारूचा. जुन्या पिस्तुलाच्या नळीत ती गोळी अगदी सुरेख बसते. बार निघतो, नेमही लागतो. मालक खूश. पण स्लाईडला बसणारा दणका जास्त असतो, आणि साठ-सत्तर वर्षांचं पोलाद आणि ढिली पडलेली स्प्रिंग तो दणका मुकाट झेलत असतात. भाऊ म्हणायचे, “बसती म्हणून घालायची का? धाव्या बाराला काय न्हाई हुणार. धाचं वीस हुतील. मग येक दिस ती पट्टी मागं येईल ती थांबायचीच न्हाई.”

मी एकदा म्हणालो, “भाऊ, आमच्याकडे तसंच. दुसऱ्याचा चष्मासुद्धा नाकावर बसतो. म्हणून नंबर जुळला असं नव्हे.” हे त्यांना फार आवडलं. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माझा हवाला देऊन सांगायचे, “आमचं चष्मे म्हंत्यात…” मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

आता अनंताबद्दल सांगायला हवं. भाऊंचं गाव तिकोणा पेठ. तिथले आबा त्यांचे लहानपणापासूनचे सोबती, गुरं राखायला बरोबर जायचे. अनंता आबांचा मुलगा, चाळिशीतला, उमदा गडी. पवनेच्या पाण्याकाठी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी तंबू लावायचा. त्यांच्या घरात एक बत्तीस बोरचं पिस्तूल होतं. वलवणला बंगल्यावर कामाला असलेल्या अनंताच्या आज्याला तिथल्या साहेबाने देश सोडताना दिलेलं. खंडेनवमीला ते पाटावर विळा-कोयत्यांच्या मध्ये ठेवून त्याची पूजा व्हायची, आणि पूर्वी पूजा झाली की खळ्यावर जाऊन आभाळात एक बार काढायची त्यांच्या घरची रीत होती. ती कायद्यात बसत नाही म्हणून आबांनी शहाणपणाने बंद केली होती. आबा थकले, तसं पिस्तूल परवान्यासकट अनंताच्या नावावर झालं. त्याच वर्षीची ही गोष्ट.

खंडेनवमीची सकाळ. माझ्या काचा घासायच्या मशीनला हार घालून मी भाऊंच्या दुकानात बसलो होतो. त्या दिवशी त्यांच्याकडे गर्दी असायची, सगळ्यांना पूजेआधी आपापली बंदूक साफ करून हवी असायची. अनंता आला आणि त्याने पिस्तूल काढून ठेवलं. ते लखलखत होतं. त्याने ते परस्पर कुठेतरी देऊन निकेल चढवून आणलं होतं.

भाऊंनी हात मागे घेतला. “हे काय केलंस रं?”

“पॉलिश, भाऊ. कसं उठून दिसंल पूजंत!”

“आन ह्याच्या अंगावरचे डाग कुटं गेलं? मला त्ये सगळं पाठ हुतं.” भाऊंनी ते खोललं, रॉकेल लावलं, पुसलं, रांगोळी टाकली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. रांगोळी पांढरीशुभ्र राहिली. भाऊंनी परत एकदा सगळं केलं. परत काहीच नाही. त्यांचं तोंड मात्र समाधानी दिसत नव्हतं. “वरनं कातडं चढवलंय ह्याला. आतलं बोलंना,” असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पिस्तूल जोडून त्याच्या हातात दिलं आणि पुढच्या माणसाची बंदूक मांडीवर घेतली.

अनंताने खिशातून गोळ्यांची नवी पेटी काढली. “भाऊ, जुन्या गोळ्या दोनातली येक फुसकी निघती. ह्या नव्या घेतल्यात. लय जोराच्या हायेत म्हनं. ह्याच्यात चालंल का?”

भाऊंनी एक गोळी घेतली, डबीचा डोळा लावून तिचं बूड बघितलं आणि तिच्यावर बोट फिरवलं.

“चालंल,” ते म्हणाले, आणि मांडीवरच्या बंदुकीच्या स्क्रूला हात घातला.

अनंताचा फोन वाजत होता. तंबूवर पाहुणे आले होते. “येतो भाऊ, मानसं खोळंबल्यात,” म्हणून तो बाहेर पडला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. भाऊंनी स्क्रू बसवला. फुंकर मारली. मान खाली घालूनच म्हणाले, “चालंल, पर चालवू नगं. ही गोळी त्याला सोसायची न्हाई. जुन्याच वापर.”

मान वर केली तर दारात कुणी नव्हतं.

मी म्हटलं, “भाऊ, फोन करू का त्याला?”

“मी करतो की. पूजेला तर ठिवायचंय. बार कोण काढतंय आता?” तेवढ्यात माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो. त्यांच्याकडे माणसं होतीच. तो फोन भाऊंनी केला नाही. मीही केला नाही. माझ्याकडे अनंताचा नंबर होता, हे मी इथे लिहून ठेवतो.

चारच्या सुमाराला बातमी आली. अनंताने खळ्यावर जाऊन जुनी रीत पुन्हा सुरू केली होती. एका बाराने समाधान झालं नाही म्हणून तीन काढले. तिसऱ्याला स्लाईड तुटली, मागचा तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला आणि दुसरा कानामागून मानेपर्यंत चिरत गेला. निकेलच्या खाली तडा होता. तो किती जुना होता ते कुणालाच कधी कळणार नाही.

दवाखान्यात डोळा वाचला नाही. भाऊ भेटायला गेले तेव्हा आबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी भाऊंना आत जाऊ दिलं नाही. रागाने नव्हे. म्हणाले, “नामा, पोलिसांनी इचारलं, कुणाच्या सांगन्यावरनं गोळी घातलीस? त्यो म्हणला, कुणालाच इचारलं न्हवतं. त्यानं तुजं नाव घेतलं न्हाई. आता तू बी घेऊ नगं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. “चल चष्मे, चौकीत जायचंय.” तिथे जाऊन ते फौजदारासमोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, “त्या पोरानं मला इचारलं हुतं. मी चालंल म्हणलो. लिवून घ्या.”

मला राहवेना. मी म्हणालो, “साहेब, ते त्याच्या पुढचंही बोलले होते. वापरू नको म्हणाले होते. मी तिथेच होतो.”

भाऊ माझ्यावर असे ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या शिपायाने मान वर केली. “मदी बोलू नगंस! जे त्याच्या कानावर पडलं न्हाई त्ये म्या बोललोच न्हाई.”

फौजदार शांत माणूस होता. तो म्हणाला, “मामा, बार काढला त्याने, गुन्हा त्याचा. जबाबात तुमचं नाव नाही. घरी जा.” मी दंड धरून भाऊंना बाहेर आणलं. मग आम्ही चालत परत आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, “आबानं शिव्या घातल्या आसत्या तर बरं झालं आसतं.”

त्यानंतर भाऊ बदलले. थांबायची सवय गेली. विचारणाऱ्याला आधी ‘न्हाई’ मिळायचं आणि कारण नंतर. हसणं जवळजवळ संपलं. तो एक शब्द तर त्यांनी तोंडातून काढूनच टाकला. वहिनी मला म्हणाल्या, “कालवणात मीठ कमी पडलं, चालंल का, आसं इचारलं तर ताट सोडून उठलं वो.” त्या रडत होत्या. मी काय समजूत घालणार? मलाही रात्री तो फोन नंबर आठवायचा.

त्या दिवसांतलीच गोष्ट. लोणावळ्याहून एक बंगलेवाले साहेब त्यांचं जुनं पिस्तूल घेऊन आले. तोच प्रश्न. नव्या जोराच्या गोळ्या, यात चालतील का?

“न्हाई,” भाऊ म्हणाले.

साहेबांनी मोबाईल पुढे केला. “हे बघा, इथे लोकांनी लिहिलंय. अशाच पिस्तुलातून शेकडो गोळ्या मारल्यात, काहीही झालेलं नाही.”

“ज्यास्नी काय झालं न्हाई त्येच लिवत्यात,” भाऊ म्हणाले. “पिस्तूल ठिवून जावा. तपासतो.”

साहेब ठेवायला तयार झाले नाहीत. दुसरीकडे दाखवतो म्हणून गाडीत बसून गेले. एरवी भाऊंनी सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मला “बघ जरा” म्हणाले आणि लोणावळ्याची गाडी पकडली. त्या साहेबांच्या बंगल्याच्या फाटकात उभे राहिले. रखवालदाराने हाकललं. तिसऱ्या दिवशी परत गेले. चौथ्या दिवशी साहेब वैतागून स्वतःच फाटकापाशी आले, आणि भाऊंचं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पिस्तूल घेऊन कामशेतला आले.

रॉकेल, फडकं, रांगोळी. आम्ही बघत होतो. साहेब घड्याळाकडे बघत होते. आणि मग स्लाईडच्या कडेला, जिथून रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीच्या कोपऱ्यात, रांगोळी उठली. पापणीच्या केसाएवढी काळी रेघ. साहेबांनी ती डबीचा डोळा लावून बघितली. जाताना भाऊंना हात जोडून गेले.

मला वाटलं, आता तरी भाऊंच्या जिवाला जरा बरं वाटेल. ते रांगोळी झटकत बसले होते. मी “भाऊ” म्हटलं तर त्यांनी वर बघितलं आणि डोळे भरून आलेले. “ही हिकडं उठली. तितं का न्हाई उठली रं, चष्मे? दोन वेळा टाकली हुती.”  निकेल, मी म्हणालो. ते म्हणाले, “निकेल हाय त्ये दिसत हुतं की मला. आतलं दिसत न्हाई म्हणजी न्हाई म्हणायचं आसतं. ही फौजेतली पैली शिकवण हुती माजी.”

अनंता या काळात कामशेतला यायचा, पण आमच्या ओळीत नाही. तांदळाच्या दुकानापासून वळून पलीकडच्या रस्त्याने जायचा. काचेचा डोळा त्याने पुण्याहून बसवून घेतला, चष्माही तिकडूनच केला. परवाना गेला, कोर्टाच्या तारखा सुरू होत्या, तंबूंचा धंदा भाऊबंदांनी सांभाळला. भाऊंना त्याच्याकडून काय हवं होतं हे मी चांगलं ओळखून होतो. त्याने समोर उभं राहून एकदा ‘तुम्ही चालंल म्हणाला होतात’ असं म्हणावं. भाऊ दर शनिवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसायचे. बाहेर हवा बरी लागते म्हणायचे. समोरून धूळ आणि जीपचा धूर येत असायचा.

मग तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एका शनिवारी अनंता सरळ माझ्या दुकानात आला. चष्म्याची कानावरची कांडी मोडली होती आणि पुण्याला जायला वेळ नव्हता, असं म्हणाला. पायरीवरच्या भाऊंना ओलांडूनच तो आला असणार. मी फ्रेमा काढून मांडल्या. त्याने एक लावली. डाव्या कानामागे जखमेचा वण खालपर्यंत गेलेला मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. आरशात त्याचा एकच डोळा हलत होता. दारात सावली पडली. भाऊ आत येऊन उभे राहिले होते.

पंधरा दिवसांनी भाऊ झोपेतच गेले. मधल्या दिवसांत ते आजारी दिसले नाहीत, पडले नाहीत, त्यामुळे मला भाऊ आठवतात ते अजून त्या दिवशीचेच, माझ्या काउंटरला एक हात टेकून उभे असलेले.

आरशात अनंताला ते दिसले. मग अनंता आरशातच बघत म्हणाला, “भाऊ, मी फुडचं बी आयकलं हुतं. गाडी वळवत हुतो तवा. चालवू नगं म्हणला तुमी. आयकलं हुतं मी.”

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, खोटं का सांगू. मी भाऊंकडे बघितलं. त्यांचा चेहरा होता तसाच होता.

“आदी काय म्हणलो हुतो?” त्यांनी विचारलं.

“चालंल म्हणला.”

“मग,” भाऊ म्हणाले. “त्ये आदी आलं.”

अनंता कांडी चाचपत राहिला. मी आपला घाबरून गेलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, माझ्या तोंडून नेमकं तेच निघालं, “अनंता, ही फ्रेम चालेल का?” शब्द सुटल्यावर मी जीभ चावली.

अनंताने मान हलवून बघितली, डावीकडे, उजवीकडे. “चालंल,” तो म्हणाला.

भाऊ पुढे आले. त्यांनी अनंताच्या डाव्या कानामागे अंगठा घातला, कांडी आणि वण यांच्या मध्ये, आणि पिस्तुलाच्या पट्टीवरून बोट फिरवायचे तसा सावकाश खालपर्यंत फिरवला. अनंता हलला नाही.

“बसली हाय. त्ये न्हाई इचारत,” भाऊ म्हणाले. “हितं दाब येतोय. दुकतंय का?”

अनंताचा चांगला डोळा मिटलेला होता. 

“दुकतंय,” तो म्हणाला.

“मग तसं सांग की रं,” भाऊ म्हणाले, आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावरचा चष्मा हळूच काढून त्यांनी माझ्या हातात दिला.